क्लाउनफिशसाठी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: या चुका टाळा

खाऱ्या पाण्यातल्या माशांत क्लाउनफिश बराच काटक. टाकीतच जन्मलेली आणि वाढलेली पिल्लं आता सहज मिळतात, ती पेलेट (तयार दाणे) खातात आणि लहान जागेतही रुळतात. तरीही नव्या टाकीतली जोडी दोन-तीन महिन्यांत दगावते आणि हौस तिथेच संपते. कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा घाई सापडते. ही घाई दोनदा होते: एकदा मासे आणताना, आणि दुसऱ्यांदा काही बिघडलं की ते आजच्या आज दुरुस्त करताना. माझ्या मते दुसरी घाई जास्त मासे मारते. म्हणून चुकांबरोबरच, चूक होऊन गेली असेल तर काय करायचं आणि किती हळू करायचं, तेही सांगतो.

लहान टाकी म्हणजे सोपी टाकी?

नाही. पाणी जितकं कमी तितका बिघाड लवकर होतो. दगडामागे मेलेली एक गोगलगाय ३० लिटरच्या टाकीत अमोनिया (सडण्यातून आणि माशांच्या घाणीतून होणारं विष) चढवायला पुरते. १०० लिटरमध्ये तीच गोष्ट कदाचित लक्षातही येणार नाही. जोडीसाठी ७५ ते १०० लिटरपासून सुरुवात करावी. ७५ लिटर खारं पाणी जवळपास ७७ किलो भरतं, त्यावर वाळू, दगड आणि काच. शंभर किलोंच्या वर जाणारं हे ओझं पेलणारा, सपाट स्टँड आधी बघा.

प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नसला तरी एवढ्या टाकीचं अडत नाही. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदललं की भागतं. तो खर्च चांगल्या टेस्ट किटवर आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजणारं उपकरण) करा.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी वापरू नका. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट पुढे शेवाळाला खाद्य होतात, आणि तांब्याचा अंश असेल तर कोळंबी-गोगलगायींचं काही खरं नाही. आरओडीआय पाणी हवं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं) ० दाखवणारं. पिण्याच्या पाण्याचा आरओ असेल तर त्याचं पाणी आधी मीटरने तपासा. चवीसाठी त्यात पुन्हा क्षार मिसळण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, त्यामुळे ‘आरओचं आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट मिक्स. खायच्या मिठात सोडियम क्लोराइडशिवाय फारसं काही नसतं. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता हे सगळं त्यातून येत नाही. मिसळताना नेहमी पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. मिठाच्या ढिगावर पाणी पडलं की क्षणभर तिथे सगळे क्षार फार दाट होतात, कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि तो नंतर कितीही ढवळला तरी विरघळत नाही. वेगळ्या बादलीत पंप आणि हीटर लावून पाणी फिरू द्या, स्वच्छ दिसायला लागलं की मोजा. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे घनता साधारण १.०२६. मासे आत असताना टाकीत थेट मीठ ओतणं ही तर सरळसरळ क्रूरता आहे.

मोजण्यातही घोटाळे होतात. काटा हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो. आकडा ३५ दिसतो, पाणी प्रत्यक्षात ३२ असतं. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तो ० टीडीएसच्या पाण्यावर जुळवून भागत नाही. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण आणा आणि त्यावर जुळवा. काचेवर दोन-तीन थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून मग डोळा लावा.

उडालेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरणं

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. ७५ लिटरच्या टाकीत दगड-वाळू जाऊन समजा ६० लिटर पाणी उरलं. ३५ पीपीटीला त्यात सुमारे २१०० ग्रॅम क्षार आहेत. ३ लिटर पाणी उडालं की क्षार तेवढेच राहतात आणि खारटपणा ३६.८ वर जातो. तिथे ३ लिटर गोडं आरओडीआय पाणी घातलं तर पुन्हा ३५. पण खारं घातलं तर १०५ ग्रॅम क्षार जास्तीचे पडले. असं चार वेळा झालं की टाकी ४२ वर पोहोचते, आणि वरून बघणाऱ्याला पाण्याची पातळी मात्र अगदी बरोबर दिसते.

उपाय अगदी साधा: टाकी भरली की काचेवर बाहेरून पातळीला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि रोज गोड्या पाण्याने तिथपर्यंत भरा. मागे पंपाचा वेगळा कप्पा असलेल्या टाकीत ही खूण त्या कप्प्यावर करा, कारण पाणी घटतं ते तिथे दिसतं. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. आणि टाकी ४२ वर गेलेली सापडली तर एका दुपारी ३५ वर आणू नका. थोडं पाणी काढून गोडं घालत दिवसाला १-२ अंक खाली उतरवा.

महिनाभर पंप चालवला, म्हणजे सायकल झाली?

सायकल म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार होणं. टाकीत अमोनियाच टाकला नसेल तर काहीही झालेलं नाही. अमोनिया खाऊन नायट्राइट करणारे आणि नायट्राइट खाऊन नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढायला त्यांना काहीतरी खायला हवं. कोरडे दगड, स्वच्छ पाणी आणि चालू पंप अशा टाकीत टेस्ट पहिल्या दिवशी ० दाखवते आणि तिसाव्या दिवशीही ०. माणूस खूश होऊन मासे सोडतो, आणि खरी सायकल तिथून, माशांच्या जिवावर सुरू होते.

अमोनियम क्लोराइडने पाण्यातला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) न्या आणि दर दोन-तीन दिवसांनी तपासा. अमोनिया उतरू लागेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत दोन्ही ० झाले की टाकी तयार. बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात, बाटलीतले जिवाणू चांगले निघाले तर कमी. शेवटी पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा. सायकलसाठी ‘स्वस्तातला डॅमसेल सोडा’ असा सल्ला अजून ऐकू येतो. तो मासा जगला तर पुढे तुमच्या क्लाउनफिशचा छळ करतो, आणि मेला तर विनाकारण मेला.

इथे टेस्ट किट दोन ठिकाणी फसवतात. नायट्राइट खूप असताना नायट्रेटचा रंग खोटा गडद येतो, त्यामुळे सायकल चालू असताना नायट्रेट मोजून घाबरू नका. आणि अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकलं असेल तर काही किट तो बांधलेला अमोनियाही मोजतात.

मासे आत असताना अमोनिया दिसला तर मात्र थांबायचं नाही, घाई शोभते अशी ही एकच जागा. पीएच ८.२ ला अमोनियाचा विषारी हिस्सा पीएच ७ च्या तुलनेत दहापटीहून जास्त असतो, म्हणून गोड्या पाण्याच्या अनुभवावरून ‘थोडासाच आहे’ म्हणू नका. त्याच तापमानाच्या, त्याच खारटपणाच्या पाण्याने ३० ते ५० टक्के बदल करा, खाणं एक-दोन दिवस बंद ठेवा, मेलेलं काही दगडामागे आहे का ते शोधा. नायट्राइटचं तसं नाही. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे तो माशाच्या कल्ल्यांतून फारसा आत जात नाही.

पिशवी उघडून तासन् तास थेंब-थेंब

नव्या माशाची पिशवी उघडून तिच्यात टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडत बसायची पद्धत आहे. पण पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्यामुळेच साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दुकान जवळ असेल तर फरक पडत नाही. लांबून, बारा-पंधरा तासांचा प्रवास करून आलेल्या माशाला पिशवीच्याच पाण्यात दोन तास ठेवणं वाईट. विक्रेत्याकडून खारटपणा आधीच विचारून घ्या, क्वारंटाइनच्या टाकीचा (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) खारटपणा तेवढाच ठेवा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

मासे निवडताना

सगळे क्लाउनफिश नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो, आणि एकदा मादी झाला की परत नर होत नाही. म्हणून दोन मोठे, देखणे मासे निवडणं धोक्याचं: दोन्ही माद्या निघाल्या तर एक मरेपर्यंत भांडण चालतं. दोन लहान पिल्लं घ्या, किंवा एक मोठा आणि एक ठळकपणे लहान. तिसरा नको. छोट्या टाकीत जोडी जमली की तिसऱ्याला कोपऱ्यात कोंडून मारतात. मरून क्लाउन ही जात तर आणखी तापट, ऑसेलारिसबरोबर (नेहमीचा केशरी-पांढरा क्लाउनफिश) ठेवूच नये. निळा टँगही नको, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

लहान मासा मोठ्यासमोर अंग आडवं करून थरथरतो. पाहणाऱ्याला झटका आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ती शरणागती असते आणि जोडी जमत असल्याची खूण. रात्री पाण्याच्या वरच्या थरात तिरपे होऊन झोपणं, डोकं वर करून डुलत पोहणं, एकाच कोपऱ्याला चिकटून राहणं, हेही क्लाउनफिशच्या बाबतीत नेहमीचंच. यावर औषध ओतू नका. चिंता करायची ती श्वास जोरात चालला, खाणं सुटलं किंवा अंगावर चिकट थर दिसला तर.

पहिल्याच महिन्यात ॲनिमोन

क्लाउनफिशला ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख करणारा समुद्री प्राणी) लागतोच, हा समज चित्रांनी पक्का केला आहे. टाकीत त्याला शिकाऱ्यापासून लपायचं नसतं, त्यामुळे ॲनिमोनशिवाय तो मजेत जगतो, वीण घालतो. टाकीत वाढलेली पिल्लं ॲनिमोनकडे महिनोन् महिने ढुंकूनही बघत नाहीत आणि पंपाच्या कोपऱ्यात घर करतात. बहुतेकांना मिळतो तो बबल टिप ॲनिमोन. निसर्गात तो ऑसेलारिसचा यजमान नाहीच, टाकीत मात्र पुष्कळदा जमून जातं.

त्याला तीव्र प्रकाश आणि किमान सहा महिने मुरलेली टाकी लागते. जागा आवडली नाही की तो चालायला लागतो, आणि चालत पंपाच्या जाळीत जातो. चिरडलेला ॲनिमोन एका रात्रीत छोट्या टाकीचं पाणी नासवू शकतो. आणायचाच असेल तर पंपांना आधी स्पंजची टोपी घाला.

आजार ओळखण्यात गफलत

अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे सुटे, मोजता येतील असे ठिपके असतील तर बहुधा मरीन इक. पिठी भुरभुरल्यासारखा बारीक सोनेरी-पांढरा थर, श्वास जोरात, मासा सतत पंपाच्या प्रवाहात उभा, तर व्हेल्वेट. आणि कातडीवरून बुळबुळीत पांढरा थर सुटून लोंबायला लागला तर ब्रुकलिनेला. हा क्लाउनफिशला इतका होतो की त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि एक-दोन दिवसांत मासा नेतो.

ओळख महत्त्वाची, कारण उपाय वेगळे आहेत. इक आणि व्हेल्वेटवर तांब्याचं औषध चालतं, ब्रुकलिनेलावर चालत नाही, तिथे फॉर्मेलिन लागतं. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे: हातमोजे, उघडी खिडकी, आणि टाकीत जोरात हवा, कारण ते पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं. हे सगळं वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत. मुख्य टाकीत तांबं टाकलं की कोळंबी, गोगलगाय, कोरल संपले, आणि दगडांत मुरलेलं तांबं पुढे कधी सुटेल याचा भरवसा नाही. इक झाला असेल तर मासे बाहेर काढून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवायची रीत आहे, कारण परजीवीच्या गाठी वाळूत फार काळ टिकतात. कंटाळवाणं आहे, पण ठिपके गेले म्हणून दहाव्या दिवशी मासे परत सोडले की तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

म्हणूनच नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळा ठेवणं परवडतं. त्या टाकीचा स्पंज फिल्टर मुख्य टाकीत आधीपासून ठेवून मुरवा, नाहीतर तिथे अमोनियाचा वेगळाच घोळ.

बाकीच्या कुरबुरी

पाणी दुधाळ झालं तर ती बहुधा जिवाणूंची वाढ असते. पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे करा, खाणं कमी करा, दोन-चार दिवसांत निवळतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत वाळूवर तपकिरी थर येतो, ते डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतात आणि आपोआप जातात. लालसर, चादरीसारखा सुटणारा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया: तिथे प्रवाह कमी आहे आणि खाणं जास्त पडतंय. दिवसातून एक-दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच घाला.

पृष्ठभागावर तेलकट साय दिसत असेल तर हवेची देवाणघेवाण अडते. क्लाउनफिश उडी मारतात, म्हणून झाकण हवंच, पण काचेचं घट्ट नको, जाळीचं.

तापमान २५-२६ अंश. हीटर चालू अवस्थेत अडकून बसणं ही नेहमीची तक्रार, म्हणून वेगळा कंट्रोलर आणि वेगळा थर्मामीटर लावा. पाणी ३० अंशांकडे निघालं तर बर्फ टाकू नका, पृष्ठभागावर पंखा सोडा. वाफ वाढून पाणी दोन-तीन अंश उतरतं. टॉप-अपचं गोडं पाणी मात्र जास्त लागेल. वीज गेली तर आधी ऑक्सिजनची काळजी, तापमानाची नंतर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवा, आणि तोही नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगभर पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत टाकीत सोडत राहा.