आमसूल लावून थांबू नका: ॲलर्जीत या चुका टाळा

कोळंबीचं कालवण जेवून अर्धा तास होत नाही तोच अंगभर गांधी उठल्या, की आपल्याकडे निदान ठरलेलं: पित्त. मग आमसुलं भिजत घालायची, तो कोळ अंगाला चोळायचा आणि पंखा पाचवर. खाज कमी होते हे खरं आहे. नुसत्या गांधीच असतील तर सेट्रिझीनसारख्या ॲलर्जीच्या एखाद्या गोळीने बहुतेकदा भागतंही. घोटाळा होतो तो घरातले सगळे कातडीच बघत बसतात म्हणून. जीव जातो तो श्वास कोंडून किंवा रक्तदाब कोसळून.

गांधी किती आल्या ते सोडा. आवाज घोगरा झालाय का? जीभ, ओठ सुजलेत का, गिळायला अडतंय का, छातीत सूं-सूं वाजतंय का? उलट्या, पोटात मुरडा, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी? गांधींच्या जोडीला यातलं काही आलं तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवावर बेतणारी ॲलर्जी, धरून निघायचं. शंभरातल्या दहा-वीस रुग्णांच्या कातडीवर तर काहीच दिसत नाही. त्यामुळे बाधणारा पदार्थ पोटात गेलाय आणि एकदम धाप लागली किंवा घेरी आली, तर गांधींची वाट बघू नका.

वरळी कोळीवाड्यातल्या एका हळदीत पाहिलेलं सांगते. जेवणं उरकत आलेली. एक काका खुर्चीत बसून सारखे घसा खाकरत होते. सून लिंबूपाणी घेऊन आली, तर म्हणाले, "काय नाय गं, ठसका लागलाय." तेवढं बोलतानाच आवाज बसला. तोंड धुऊन येतो म्हणून उठले आणि दोन पावलांवर भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक.

अशा वेळी माणसाला उठवणं, चालवणं ही मोठी चूक. रक्तदाब आधीच उतरलेला असतो, उभं राहिलं की आणखी कोसळतो. आडवं करा, पाय उशीवर घ्या. धाप लागली असेल तर पाठीला टेकू देऊन, पाय पसरून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. लिंबूपाणी, मध, सोडा काही पाजू नका.

गोळी देऊन "बघू अर्धा तास" म्हणणं ही त्याहून महागात पडणारी चूक. सेट्रिझीन खाज थांबवते, सुजलेला घसा उघडत नाही. इथे पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एव्हिल (खाजेवरचं ॲलर्जीचं औषध) किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन त्याच्या जागी चालत नाही. परदेशात मिळतं तसं स्वतः टोचायचं पेन आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळत नाही, म्हणून जवळची कॅज्युअल्टी आधीच ठरवून ठेवा: मुंबईत केईएम, नायर, सायन, कूपर किंवा तुमच्या भागातलं चोवीस तास उघडं असणारं एखादं. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा, किती वेळ लागेल ते विचारा. दारातली टॅक्सी लवकर पोहोचवणार असेल तर मागच्या सीटवर आडवं करून निघा.

इंजेक्शनने दहा मिनिटांत तरतरी येते आणि पेशंटच म्हणायला लागतो, "चला घरी." नका नेऊ. काही तासांनी तोच त्रास उलटून येऊ शकतो. डॉक्टर म्हणतील तोवर तिथेच थांबायचं.

माशांचा आणखी एक गोंधळ असतो. बांगडा, सुरमई किंवा कुपा बर्फाविना पडून राहिला तर त्यात हिस्टामीन, म्हणजे ॲलर्जीसारखाच त्रास उठवणारं रसायन, तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. ताटावरच्या तिघाचौघांचे चेहरे एकदम लाल झाले तर दोष बहुधा त्या माशाचा, म्हणून तेवढ्यावरून जन्मभर बांगडा सोडायला नको. खरंच कोळंबी बाधत असेल, तर मात्र खेकडा, शेवंड, सुक्या जवळ्याची चटणी आणि कोळंबीच्याच तेलात तळलेलं पापलेट, सगळ्यावर लक्ष हवं.

शिंकांचं काय? ताप नाही, नाकातून पाण्यासारखं वाहतंय, डोळे खाजताहेत आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, तर ती बहुधा साधी सर्दी नाही, ॲलर्जी असते. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, गणपतीआधी माळा झाडला जातो, की शिंकांचा सपाटा सुरू. नाक मोकळं करणारे ड्रॉप्स चार-पाच दिवसांपुढे ओढले तर नाक उलट जास्त चोंदतं. मूल रात्री खोकून उठत असेल तर कफ सिरप बदलत बसू नका, दमा तपासून घ्या.

२०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रणकंदन झालं, पण आपल्या खिडकीतल्या एसीवर बसलेली कबुतरं कोणी हाकलत नाही. रोजची विष्ठा-पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना सूज आणते: कोरडा खोकला, जिना चढताना धाप, वजन उतरणं. यावर ॲलर्जीची गोळी कामाची नाही, छातीच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं.

ॲलर्जी शोधणाऱ्या रक्ताच्या मोठ्या पॅनेलचा रिपोर्ट हातात आला की लोक दूध, गहू, अंडी सगळं बंद करतात. रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, आधी कुठली पेनकिलर किंवा अँटिबायोटिक घेतली होती, हे कागदावर लिहून न्या, गांधींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. त्वचेवरची चाचणी ठरली असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते वेळ घेतानाच विचारा, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते.