जुन्या कॅमेऱ्यात आजचा रोल: या चुका टाळा

जुना फोल्डिंग किंवा बॉक्स कॅमेरा हाती आला की लोक आधी शटर दाबून बघतात. कट्ट आवाज आला की खूश होतात आणि लगेच रोल शोधायला लागतात. खरी अडचण तिथूनच सुरू होते. शटर कुरकुरत का होईना बहुतेक वेळा चालतं. पण कॅमेरा ज्या रोलसाठी बनला त्याची रुंदी, त्याच्या स्पूलचा (फिल्म गुंडाळायच्या रिळाचा) आकार, फिल्मच्या पाठीमागच्या कागदावरचे आकडे आणि त्या काळच्या फिल्मला दिसणारे रंग यांतलं काही ना काही आज वेगळं असतं. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून टाका: जुळवाजुळव करायची ती फिल्मची. कॅमेऱ्याला कानस लावायची नाही. बिघडलेली फिल्म फेकून दुसरी घेता येते, घासलेला पत्रा परत भरत नाही.

आकार न बघता रोल मागवणं

मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला आकडा बहुधा छापलेला सापडतो. १२० असेल तर तुम्ही नशीबवान. १९०१ पासूनचा हा आकार आजही सर्रास मिळतो. कोडॅकचे ६२० आणि १२७ हे आकार १९९५ मध्ये बंद झाले, ११६ आणि ६१६ त्याआधी १९८४ मध्ये, आणि पोस्टकार्डाएवढं चित्र देणारा १२२ तर १९७१ मध्येच. आग्फा-अ‍ॅन्स्कोच्या कॅमेऱ्यावर आकड्याऐवजी बी२ लिहिलं असेल तर तो १२०, पीबी२० असेल तर ६२०.

कॅमेरा विकत घेत असाल तर आत एक रिकामा स्पूल आहे का, हे लेन्सच्याही आधी बघा. तो नसेल तर फिल्म गुंडाळायची कशावर?

६२० च्या कॅमेऱ्यात १२० कोंबणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. दोन्हींची फिल्म तीच आणि कागदही तोच. फरक फक्त स्पूलचा: ६२० चा स्पूल बारीक, त्याच्या कडेच्या चकत्या लहान आणि किल्ली बसायची खाचही लहान. म्हणून नेलकटरने १२० च्या चकत्या कापून रोल बसवायचा सल्ला सगळीकडे दिला जातो. माझ्या मते तो सल्ला वाईट आहे. काही कॅमेऱ्यांत असा रोल चालतो, पण वाकड्यातिकड्या कापलेल्या कडेतून उजेड आत शिरतो, प्लॅस्टिकचे कण आत पडून फिल्मवर ओरखडे काढतात, आणि मधला दांडा जाडच राहिल्यामुळे रोल घासत फिरतो. मग रोल पुढे सरकवायचा नॉब जड जातो, माणूस जोर लावतो आणि कागद फाटतो.

त्यापेक्षा फिल्म ६२० च्या स्पूलवर गुंडाळून घ्या. त्यासाठी ६२० चे दोन स्पूल लागतात, एक भरायला आणि एक कॅमेऱ्यात पलीकडच्या बाजूला. चेंजिंग बॅगेत (आत हात घालून काम करायच्या उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत) १२० चा रोल आधी एका रिकाम्या १२० स्पूलवर उतरवा आणि तिथून ६२० वर घ्या. एकाच फेरीत काम उरकलं तर कागदाचं शेवटचं टोक बाहेर येतं आणि आकडे उलटे चालतात, म्हणून दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत फिल्मचं मोकळं टोक आधी आत जातं आणि टेपने चिकटवलेलं टोक शेवटी येतं. कागद आणि फिल्म यांच्या वेटोळ्यांत किंचित फरक पडतो, त्यामुळे टेपपाशी फिल्मला फुगवटा येतो. बरेच जण तो तसाच दाबून पुढे जातात, मग फिल्म सुरकुतते आणि पहिली फ्रेम वाया जाते. टेप हळूच सोडवा, फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवा. हळूच म्हणजे खरंच हळूच: टेप झटकन ओढली की अंधारात क्षणभर उजेड चमकतो आणि तोही फिल्मवर उमटू शकतो. हे सगळं एखाद्या वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून करून बघा. हात घामेजले की थांबा, बॅगेतला दमटपणा फिल्मला चिकटतो.

लाल खिडकीवर विसंबणं

कागदावरचा आकडा बघायला कॅमेऱ्याच्या मागे जी लाल काच असते, ती बसवली तेव्हाच्या बहुतेक फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. आजच्या पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग दिसणाऱ्या कृष्णधवल) आणि रंगीत फिल्मला तो दिसतो. खिडकी उघडी ठेवून उन्हात फिरलात तर फ्रेमच्या मधोमध धुरकट ठिपका किंवा चक्क कागदावरचा आकडा उमटतो. काळी टेप लावा आणि रोल पुढे सरकवताना तेवढ्यापुरती सावलीत उचला.

मागे एकाच ओळीत दोन लाल खिडक्या असतील तर बहुधा प्रत्येक आकडा दोनदा वापरायचा असतो: आधी पहिल्या खिडकीत आणून एक फोटो, मग तोच आकडा दुसऱ्या खिडकीत आणून पुढचा. हे माहीत नसेल तर अर्धा रोल कोराच राहतो.

११६ आणि ६१६: मोजमाप न करता फोटो काढणं

इथे फिल्म ७० मिलिमीटर रुंद होती, १२० ची साधारण ६१. दोन्ही टोकांना अडॅप्टर लावून १२० चा रोल बसतो, पण तीन गोष्टी राहून जातात. एक, फिल्म कॅमेऱ्याच्या आतल्या, फोटोची कड ठरवणाऱ्या चौकटीपेक्षा अरुंद असल्याने ती चौकटीत आत झुकते आणि फोकस जातो, म्हणून वर आणि खाली काळ्या कार्डाच्या पट्ट्या लावून तिला आधार द्यावा लागतो. पट्ट्या चिकटवायच्या त्या सहज निघतील अशा टेपने. दोन, रोल मूळच्या रुंद स्पूलवर गुंडाळत असाल तर कागदाच्या कडा चकत्यांना टेकत नाहीत. उजेडात झाकण उघडलं की दोन्ही कडा धुरकटतात, तेव्हा रोल चेंजिंग बॅगेतच काढा.

तिसरी गोष्ट आकड्यांची. या कॅमेऱ्याची फ्रेम ११ सेंटिमीटर लांब आणि १२० च्या कागदावरचे आकडे त्यापेक्षा लहान फ्रेमसाठी छापलेले. ते पाळले तर फोटो एकमेकांवर चढतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा आहे. वापरलेल्या १२० रोलचा कागद घ्या. फिल्म जिथे चिकटवलेली होती तिथे टेपची खूण असते, तिथून दर साडेअकरा सेंटिमीटरवर पेनाने रेघा मारा. झाकण उघडं ठेवून हा कागद कॅमेऱ्यात भरा आणि एकेक रेघ चौकटीच्या कडेशी येईपर्यंत नॉबचे फेरे मोजून लिहून ठेवा. गुंडाळी जाड होत जाते, त्यामुळे शेवटच्या फ्रेमला पहिलीपेक्षा कमी फेरे लागतात. एका रोलमध्ये सहा फ्रेम नीट बसतात, सातवी ओढूनताणून.

१२७ ची फिल्म ४६ मिलिमीटर रुंद असते. ती १२० मधून अंधारात कापून काढता येते आणि उरलेली पट्टी १६ मिलिमीटरच्या चिमुकल्या कॅमेऱ्यांचे शौकीन वापरतात. आकडे तिथेही जुळतीलच असं नाही, फेरे मोजा. १२२ साठी मात्र रोलचा नाद सोडावा. लाल सेफलाइटमध्ये (फोटो-पेपरला न दिसणाऱ्या दिव्यात) फोटो-पेपरचा एकेक तुकडा बसवून फोटो काढणं जास्त मजेचं आहे.

ॲपर्चरचे आकडे सरळ वाचणं

पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या कोडॅक फोल्डिंगवर ॲपर्चरसाठी, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकासाठी, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे दिसले तर ते आजचे एफ-आकडे नव्हेत. त्या जुन्या पद्धतीत ४ म्हणजे एफ ८, ८ म्हणजे एफ ११, ३२ म्हणजे एफ २२ आणि ६४ म्हणजे एफ ३२. फक्त १६ दोन्हीकडे सारखा. ४ ला एफ ४ समजून लाइट मीटर लावला तर फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट कमी उजेडाने, काळा येतो. आणि असा कॅमेरा शटरच्या टी या खुणेवर राहिला असेल तर पहिल्या दाबाने शटर उघडतं आणि दुसरा दाब येईपर्यंत उघडंच राहतं.

बॉक्स कॅमेऱ्यात निवड नसतेच. शटर साधारण १/३० ते १/५० सेकंद, ॲपर्चर एफ ११ ते १६ च्या दरम्यान. भर उन्हात १०० आयएसओची फिल्म पुरेशी आहे. ४०० ची घातली तर निगेटिव्ह इतकी दाट येते की प्रिंट काढणारा वैतागतो.

भाता न तपासणं

फोल्डिंग कॅमेऱ्याचा भाता (लेन्स आणि मागचा भाग जोडणारं घड्यांचं आवरण) बहुधा घडीच्या कोपऱ्यांवर झिजतो. अंधाऱ्या खोलीत आत छोटा टॉर्च धरून बाहेरून बघा. बारीक भोकं काळ्या फॅब्रिक पेंटने बुजतात. जाड टेप लावली तर भाता मिटत नाही. रोल नेहमी कॅमेरा उघडल्यावर पुढे सरकवा, आणि कॅमेरा उघडायचा तोही सावकाश. झटक्यात उघडलेला भाता हवा ओढतो आणि ताणलेली फिल्म पुढे फुगते.

आत सापडलेला जुना रोल धुवायला टाकणं

व्हेरिक्रोम पॅनसारख्या कृष्णधवल फिल्मवर कित्येक दशकांनीही चित्र निघू शकतं. जुना रंगीत रोल नावावरून ओळखा. कोडाकलर-एक्स ही रंगीत फिल्म धुण्याच्या सी-२२ या जुन्या प्रक्रियेची, ती २४ अंशांना धुतली जायची. आजच्या सी-४१ प्रक्रियेच्या ३८ अंशांत तिचा थर सुटून येऊ शकतो. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म धुणाऱ्या शेवटच्या लॅबने, कॅन्ससमधल्या ड्वेन्स फोटोने, ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. असे रोल आता कृष्णधवल म्हणूनच धुवावे लागतात, तेही ज्याला ते जमतं त्याच्याकडून.

आणि लॅबला ६२० चा रोल देताना पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा: स्पूल परत हवा. त्यांच्यासाठी तो कचरा असतो, आणि पुढचा रोल तुम्हाला त्याच्यावरच गुंडाळायचा आहे.