नाचणीच्या सुगीचं रंगीत चित्र: अ‍ॅक्रिलिकमध्ये, पायरीपायरीने

सह्याद्रीतली नाचणी दिवाळीच्या आगेमागे काढणीला येते. अकोले, इगतपुरी, जव्हारच्या वरकस उतारांवरची ही सुगी रंगवताना पहिली चूक रंगातच होते. शेत पिवळंधमक केलं की नाचणीचा गहू होतो. पिकलेलं कणीस तांबूस-तपकिरी असतं आणि खालची ताटं, पानं बऱ्याचदा अजून हिरवट-पिवळी असतात. वर तांबूस, खाली हिरवट हे दोन थर जमले की शेत नाचणीचं दिसतं.

दुसरी चूक माणसांच्या बसण्या-उभं राहण्यात. भातकापणीचे फोटो समोर ठेवून बायका उकिडव्या बसवल्या जातात. नाचणीची आधी नुसती कणसं खुडतात किंवा विळ्याने कापतात, ताटं मागाहून वैरणीसाठी कापतात. त्यामुळे काढणारी बाई उभी किंवा किंचित वाकलेली, डाव्या हातात कणसाची मान, उजव्या हातात विळा, कमरेशी टोपली. पीक साधारण कमरेइतकं असतं. म्हणजे बाई सात इंचांची काढली तर पीक साडेतीन-चार इंचांच्या वर नेऊ नका.

कॅनव्हास १८ × २४ इंची, आडवा. ब्रश चार पुरे: एक इंची चपटा, १० नंबरचा चपटा, ६ आणि २ नंबरचे गोल. रंगांत पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना निम्मं-निम्मं मिसळलं की सावलीसाठी पुरेसा गडद रंग मिळतो, आणि तो मेलेला दिसत नाही.

जेसोचे (कॅनव्हासवर रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. मग बर्न्ट सिएनात तेवढंच पाणी घालून पूर्ण कॅनव्हासवर पातळ हात फिरवा. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवलं तर ताटांच्या फटींतून पांढरे ठिपके डोकावतात. या सिएनाच्या हातावर फटींतून मातीच दिसते, त्या झाकत बसावं लागत नाही.

वरचे सहा इंच आकाश आणि डोंगर. पावसाळ्यानंतरचं आकाश स्वच्छ असतं: अल्ट्रामरीन आणि पांढरा, खाली क्षितिजाशी चिमूटभर ऑकर. डोंगर टोकदार त्रिकोणांचे काढले तर हिमालय होतो. सह्याद्री बेसॉल्टच्या थरांचा आहे: सपाट माथा, मग काळा उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा. हे आडवे पट्टे १० नंबरच्या चपट्या ब्रशने ओढा. सगळ्यात लांबची रांग निळसर-जांभळी, मधली करडी-हिरवी, जवळच्या उतारावर वाळत चाललेल्या गवताचं ऑकर. एखादा सुळका हवा असेल तर रतनगडाचा खुटा आहेच.

आता शेत. आधी खालचा थर: व्हिरिडियन, ऑकर आणि थोडा सिएना. ट्यूबमधला व्हिरिडियन तसाच लावला तर शेत प्लास्टिकचं दिसतं. ६ नंबरच्या ब्रशने खालून वर फटकारे मारा. काही पानं मोडून खाली वाकवा.

कणसासाठी सिएना तीन भाग, क्रिमसन एक भाग. सावलीच्या बाजूला नखभर अल्ट्रामरीन. २ नंबरचा ब्रश देठाच्या टोकाशी टेकवून चार-पाच बोटं वर ओढा: मधली सरळ, कडेची आधी बाहेर जाऊन टोकाशी आत वळणारी. एखादं बोट बाकीच्यांच्या जरा खालून फुटलेलं असतं, अंगठ्यासारखं. ते काढलं की ओळखणारा लगेच ओळखतो. पुढच्या रांगेत बोट एक सेंटिमीटरचं, मधल्या रांगेत निम्म्याने लहान, त्यामागे नुसते तांबूस ठिपके. पुढची पंचवीस-तीस कणसं नीट काढली की बस. सगळीच तपशिलात काढली तर नजर कुठे ठरत नाही. शेवटी उजेडाच्या बाजूला ऑकर-पांढऱ्याचे बारीक दाणे टिपा.

चित्र रंगीत होतं ते लुगड्यांनी. कासोट्याच्या लुगड्याला हळदी, पोपटी, गडद निळा रंग द्या. लालच हवं असेल तर ती बाई हिरव्या ताटांसमोर उभी करा, कणसांच्या रांगेसमोर तो रंग बुडून जातो. निव्वळ पांढरा फक्त पुरुषाच्या टोपीसाठी राखून ठेवा.

उजवीकडे शेणाने सारवलेलं खळं. वाळलेली कणसं काठीने झोडपणारा एक जण आणि सुपाने वारं देणारी एक बाई पुरे. दाणा जड, तो सरळ पायाशी पडतो; फोल हलकं, ते वाऱ्याबरोबर जातं. दाण्यांसाठी बाकी चित्र कागदाने झाका आणि जुन्या टूथब्रशने सिएनाचे शिंतोडे उडवा. फोल कोरड्या ब्रशने, फिक्या ऑकरमध्ये, आडवं. पदर त्याच दिशेला उडायला हवा. इथे हमखास गफलत होते.

अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतं, म्हणून प्रत्येक मिश्रण आधी कागदावर वाळवून बघा. तीनपेक्षा जास्त रंग एकत्र केले की चिखल होतो. पॅलेटवर रंगांखाली ओला टिश्यू ठेवला तर रंग लवकर सुकत नाही. वॉर्निश दोन-तीन दिवसांनी, पातळ दोन हात. दमट हवेत मात्र थांबा, नाहीतर ते दुधाळ दिसतं.

आणि हेच चित्र वारली पद्धतीने करायचं असेल तर वरचे बहुतेक रंग बाजूला ठेवा. तिथे गेरूची जमीन आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स.