डिप्रेशनमध्ये मेंदूचा एमआरआय: कधी, कसा आणि कशासाठी

डिप्रेशन एमआरआयवर दिसत नाही. निदान होतं ते बोलून: नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. स्कॅन सांगतात तो दुसरं काही लपलेलं नाही ना, हे बघायला. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन, नवी डोकेदुखी, फिट, एका बाजूची ताकद कमी होणं, विसर पडणं, स्वभाव एकदम बदलणं यांपैकी काही असेल तर तो जरूर करा. नसेल तर आधी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासा. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच मलूल होतो.

साध्या ब्रेन एमआरआयला सहसा उपाशी राहावं लागत नाही. डिप्रेशनच्या गोळ्या स्कॅनसाठी बंद करू नका. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतली क्लिप किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मंगळसूत्र आणि पिना तिथे काढता येतात. घट्ट जोडवी मात्र आदल्या रात्री साबण लावून घरीच काढा.

आत साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. ठकठक मोठी असते, कानात घालायला बोळे मागून घ्या. डोकं हललं की चित्र पुसट येतं आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागतो. कोंडल्यासारखं होत असेल तर टेबल सरकण्याआधीच डोळे मिटा. हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की तंत्रज्ञ येतो.

रिपोर्टमध्ये ‘नॉनस्पेसिफिक टी२ फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज’ वाचून घाबरू नका. असे पांढरे ठिपके वय, बीपी, मायग्रेन यांनीही येतात. ‘डिप्रेशनमध्ये हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) लहान होतो’ हे नेटवर वाचलेलं खोटं नाही. २०१६ च्या एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाच्या अभ्यासात डिप्रेशनच्या १,७२८ रुग्णांमध्ये तो सरासरीने लहान आढळला, पण फरक इतका थोडा की एकट्या माणसाच्या स्कॅनवरून काही ठरवता येत नाही. म्हणून ‘डिप्रेशन स्कॅन’ची रंगीत चित्रं कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘बघ, काही झालेलं नाही.’ गाठ किंवा स्ट्रोक दिसला नाही, इतकाच त्याचा अर्थ. उपचार चालूच ठेवायचे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.