वरच्या दाढेतला चौथा कॅनल मायक्रोस्कोपखाली कसा शोधावा

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, म्हणून कॅनलही (मुळातल्या नसेच्या बारीक नळ्या) तीनच धरणारे अजून पुष्कळ आहेत. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दुसरा कॅनल असतो, तोच एमबी टू; त्याच मुळातला पहिला तो एमबी वन. तो राहून गेला तरी एक्स-रेत फिलिंग सुरेख दिसतं, आणि दाढ काही महिन्यांनी पुन्हा ठणकायला लागते.

आधी मायक्रोस्कोप आपल्या डोळ्यांना जुळवा. दोन्ही आयपीस शून्यावर आणून कागदावर पेनाचा ठिपका काढा. सर्वांत जास्त मॅग्निफिकेशनवर त्यावर फोकस करा. मग मायक्रोस्कोप न हलवता सर्वांत कमीवर या आणि एकेक डोळा मिटून आयपीस फिरवत ठिपका स्वच्छ करा. आलेले आकडे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. ही पाच मिनिटं वाचवली की दर वेळी मॅग्निफिकेशन बदलताना फोकस जातो आणि संध्याकाळी डोकं धरतं.

वरची दाढ थेट दिसत नाही, सगळं आरशातून. लेप काचेच्या वरच्या बाजूला असलेला आरसाच घ्या, साध्या आरशात कॅनलचं तोंड दुहेरी दिसतं. रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबराचा पडदा, आधी लावा. श्वासाची वाफ आरशावर येत नाही हा त्याचा इथला जास्तीचा फायदा. आरसा दाढेपासून जरा लांब धरा, नाहीतर खोदायची टिप शिरायला जागा उरत नाही.

आता मुख्य काम. तीन कॅनल सापडले की ८ ते १२ पट मॅग्निफिकेशनवर एमबी वन आणि टाळूकडचा कॅनल यांना जोडणारी रेघ मनात आखा. एमबी टू साधारण त्या रेघेवर किंवा तिच्या थोडा पुढे, एमबी वनपासून १ ते ३ मिमीवर असतो. तो लगेच दिसत नाही, कारण पुढच्या भिंतीतून डेंटिनचं (दाताच्या आतल्या कठीण थराचं) छज्जं त्यावर आलेलं असतं. पल्प चेंबरचा (दाताच्या मधल्या नसेच्या पोकळीचा) तळ करडा, छज्जं फिकट. हा रंगातला फरकच तुमचा नकाशा. बारीक अल्ट्रासॉनिक (कंपनाने खोदणाऱ्या) टिपेने, पाणी बंद ठेवून, हलक्या हाताने फिकट भाग झाडा. टिप सतत चालती ठेवा, एका जागी थांबली की दात तापतो. दर काही सेकंदांनी थांबून धुवा, सुकवा, बघा. ओल्या तळावर दिव्याची चकाकी येते आणि काहीच कळत नाही. हवा मात्र कमी दाबाने आणि तिरकी मारा. कॅनलच्या तोंडात थेट मारलेली हवा मुळाबाहेर गेली तर गाल सुजतो.

खोदताना कल पुढच्या बाजूला ठेवा. मागे सरकलात की खाली फर्केशन आहे, म्हणजे मुळं फुटतात ती जागा. झाडलेला भुगा कॅनलच्या तोंडात साचून पांढरा ठिपका दिसतो, बऱ्याचदा तोच कॅनल. शंका असेल तर चेंबर सोडियम हायपोक्लोराइटने भरून मॅग्निफिकेशन वाढवा. आत ऊती शिल्लक असेल तर त्या जागेतून बुडबुड्यांची बारीक रांग वर येते. २-३ मिमी खोल जाऊनही काही नसेल तर थांबा आणि तिरका एक्स-रे किंवा सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय स्कॅन) काढा. ताजं लाल रक्त दिसलं तर ते दाताला आरपार पडलेलं छिद्र असण्याची शक्यता धरा, कॅनल मिळाला म्हणून फाइल घुसवू नका.

कॅनलचं तोंड मिळालं की ८ किंवा १० नंबरची के फाइल (कॅनल साफ करायची बारीक सुई), टोक जरासं वाकवून. सुरुवातीला हा कॅनल पुढे झुकलेला असतो, म्हणून मूठ मागे कलती ठेवा. सरळ घातली की भिंतीला अडते आणि ‘कॅनल बंद आहे’ असा गैरसमज होतो. अडली तर जोर नको, छज्जं अजून उरलंय.

आणि गोव्यात एक जास्तीचं काम. पावसाळ्यात, त्यातही चवथीला (गणेशचतुर्थीला) पाच-सहा दिवस दवाखाना बंद राहिला, की लेन्सवर बुरशी धरते. काम संपल्यावर गरम मायक्रोस्कोपवर प्लास्टिकचं आवरण लगेच घालू नका, आत ओल कोंडते. थंड झाल्यावर सुती कापड घाला आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वतः खोलू नका, सर्व्हिसच्या माणसाला बोलवा.