माल्टात नवे आलात? आधी वारा बघायला शिका

मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. चालायला लागलो त्याच सुमारास पोहायलाही शिकलो. म्हणून अकरा वर्षांपूर्वी माल्टात आल्यावर, पहिल्याच नोव्हेंबरात, पाण्यात उतरताना कुणाला विचारावंसं वाटलं नाही. कडेच्या सपाट चुनखडीच्या कातळावर हिरवं शेवाळ होतं. पाय सटकला, उजवं मनगट मोडलं. लाट आत ओढत असताना गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने बखोटीला धरून वर काढलं. अडीच महिने काम नाही, आणि घराचा हप्ता निवृत्त वडिलांनी भरला. ते आजही टोचतं.

आपण समुद्र ओळखतो तो भरती-ओहोटीवरून. इथे पाणी जेमतेम वीतभर चढतं-उतरतं. इथला समुद्र वाऱ्यावर चालतो. वायव्येचा मय्यिस्त्राल वाहत असेल तर गोल्डन बे किंवा आइन तुफिहाच्या पाण्यात उतरू नका, वाळू कितीही छान दिसो. पाण्याची आतली ओढ माणूस नेते. त्या दिवशी आग्नेयेला, मार्सश्लोककडे जा. ईशान्येचा ग्रिगाल असेल तर उलट, तेव्हा पश्चिमेकडचे किनारे शांत असतात. उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. आणि हिरव्या कातळावर पाय ठेवू नका. ओला असो, सुकल्यासारखा दिसो, ठेवू नका. दरवर्षी आपलं कुणीतरी पोर फोटोसाठी तिथेच उभं राहतं.

बस फुकट आहे. त्यासाठी रहिवासी कार्ड मिळाल्याबरोबर स्वतःच्या नावाचं तल्लिन्या, म्हणजे बसचं कार्ड काढा.

फिरायचा मोसम इथे उलटा. सह्याद्री जूनमध्ये हिरवा होतो, माल्टा पहिल्या पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फेब्रुवारीत डिंगलीच्या कड्यांवर बांधाबांधांतून पिवळी फुलं पसरलेली असतात, खाली अडीचशे मीटरवर निळं पाणी. जुलैत तिथे फक्त धूळ आणि ऊन, सावलीला झाड नाही. वाटेत दगडावर रंगाने ‘आर टी ओ’ लिहिलेलं दिसेल. आपल्या आरटीओशी त्याचा संबंध नाही. जागा खाजगी आहे, असा त्याचा अर्थ. पक्ष्यांच्या शिकारीचे दिवस असतील तर मुकाट्याने मागे फिरा.

हायपोजियम हे जमिनीखाली तीन मजले कोरलेलं, पाच हजार वर्षांहून जुनं दफनस्थान. १९०२ साली घरं बांधताना सापडलं. आत एका वेळी दहाच माणसं सोडतात, म्हणून तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. आईवडील येणार असतील तर विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही काढा. माझी आई तीन आठवडे राहून ते न बघताच परत गेली. आता तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत.

हजर ईम आणि मनायद्रा ही पुरातन दगडी मंदिरं मात्र कधीही जमतात. शेजारच्या गोझो बेटावरचं जगंतिया मंदिर तर पिरॅमिडांच्याही आधीचं. गोझोची बोट पाऊण तासाच्या आत पोचवते. तिथली प्रसिद्ध दगडी कमान शोधू नका, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली.

राजधानी व्हॅलेटाच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये खांदे झाकून जा आणि हळू बोला. पायाखालचा एकेक रंगीत संगमरवरी दगड म्हणजे एकेका सरदाराची कबर आहे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने सही केलेलं एकमेव चित्र इथेच आहे, १६०८ चं. सही चित्रातल्या रक्तातच आहे. समोर उभं राहून शोधा.

आपली बरीच मुलं इथे दोन-दोन वर्षं काढतात आणि काम, खोली, रविवारी झोप यापलीकडे काही बघत नाहीत. थकवा मला कळतो, मीही एका फ्लॅटमध्ये सहाजणांत राहिलोय. पण मग ‘इथले लोक तुसडे’ असं म्हणत परत जातात, ते मला पटत नाही. चार शब्द शिका. इथे जगाला ‘दिन्या’ म्हणतात, वर्षाला ‘सेना’, पुस्तकाला ‘क्तीब’. आपल्या दुनिया, सन, किताब यांच्याच घरचे, अरबीतून आलेले. बसस्टॉपवरच्या आजींना हे सांगून बघा, बस येईपर्यंत त्या तुम्हाला सोडणार नाहीत.

आणि १८७८ साली इंग्रजांनी मुंबईहून सात हजारांच्या आसपास हिंदी सैनिक जहाजांनी इथे आणले होते. व्हॅलेटाच्या बंदरात उभा राहिलो की मला दर वेळी तेच आठवतात.