बेटांवरच्या महिला नेतृत्वाचा अभ्यास : नागपूरहून निघण्याआधीची तयारी

लक्षद्वीपसारख्या बेटावर महिलांच्या राजकारणाचा अभ्यास करायचा असेल, तर प्रश्नावली नंतर लिहा. आधी तिथली घराण्याची रचना समजून घ्या. लक्षद्वीपच्या मुस्लिम समाजात मातृवंशीय परंपरा आहे, घराण्याची मालमत्ता आईकडून पुढे जाते. तरीही तिथल्या एकमेव लोकसभा जागेवर आजवर एकही महिला निवडून आलेली नाही. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटदेशात कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया प्रमुख निवडतात, पण निवडला जातो पुरुष. त्याच महासागरातल्या मार्शल बेटांवरही जमिनीचा वारसा आईकडून येतो आणि तिथे २०१६ मध्ये हिल्डा हाइनी राष्ट्राध्यक्ष झाल्या. म्हणून मालमत्ता कोणाकडे, निर्णय कोणाचा आणि सभेत बोलतं कोण, यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा. ‘मातृवंश आहे म्हणजे बायकांचं राज्य’ असं धरून चाललेला प्रबंध पहिल्याच प्रकरणात घसरतो.

प्रश्नांची चाचणी घरच्या मैदानात घ्या. कामठी, हिंगणा किंवा मौद्याच्या आठ-दहा महिला सरपंच आणि सदस्यांशी बोला. महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के आरक्षण असल्याने त्या सहज भेटतील. ‘कारभार कोण पाहतं?’ असं विचारलं, तर ‘मालकाले विचारा’ हे उत्तर येतं आणि मुलाखत तिथेच संपते. त्यापेक्षा एक ताजा निर्णय धरा : पाण्याच्या टाकीची जागा कोणी सुचवली? त्या बैठकीत तुम्ही होतात का? कागद सहीला आला तेव्हा वाचायला वेळ मिळाला का? मग ग्रामसभेचं इतिवृत्त मागवून पडताळा. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आलेला मुद्दा पुढच्या इतिवृत्तात गायब असेल, तर तो कुठे गळला हे शोधा. खरी सामग्री तिथेच असते. सरपंचपती शेजारी बसलेला असेल, तर तेही नोंदवा आणि बाईंना पुन्हा एकट्या भेटा.

लक्षद्वीपला जायला प्रशासनाची प्रवेश परवानगी लागते, ती मिळेपर्यंत तिकीट काढू नका. जहाज कोचीहून सुटतं. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि फेऱ्यांचा भरवसा राहत नाही, म्हणून हिवाळा निवडा. दुभाषी बाई घ्या, पण कोणत्याही उमेदवाराच्या नात्यातली नको. बहुतेक बेटांवर मल्याळमची बोली चालते, मिनिकॉयवर मात्र महल भाषा आहे. तिथे दुसरी दुभाषी लागेल. मिनिकॉयचे अनेक पुरुष जहाजांवर नोकरीला असतात, त्यामुळे घरी पुरुष आहे की नाही हे प्रत्येक मुलाखतीवर लिहा.

आकड्यांबाबत फार सांभाळा. प्रशांत महासागरातल्याच व्हानुआटू या बेटदेशाच्या ५२ जागांच्या संसदेत २०२२ मध्ये एकच महिला निवडून आली. दुसरी आली असती तर टक्केवारी थेट दुप्पट झाली असती, म्हणून टक्क्यांऐवजी संख्या द्या. सामोआ या तिथल्याच बेटदेशात, संसदेत किमान १० टक्के महिला असाव्यात ही तरतूद २०१३ मध्ये झाली. २०२१ च्या निवडणुकीत ५१ जागांचे १० टक्के म्हणजे ५.१ आले, तेव्हा पाच महिला पुरेत की सहा हव्यात यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. तिथे उमेदवारीला ‘मताई’ ही कुलप्रमुखाची पदवी लागते आणि काही गावं ती स्त्रियांना मान्यच करत नाहीत. म्हणजे चाळण मतदानाच्या कितीतरी आधी लागलेली असते. तुमच्या बेटावर ती नेमकी कुठे लागते, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडू नका.

गोपनीयता हा सगळ्यात अवघड भाग. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपच्या बित्रा बेटावर फक्त २७१ माणसं होती. ‘चाळिशीतली माजी महिला सदस्य’ एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्या बेटाला कळतं, नाव बदलून काही उपयोग होत नाही. दोन-तीन बेटांची माहिती एकत्र मांडा, वय आणि पद सोबत देऊ नका, आणि प्रबंध जमा करण्याआधी त्या बाईंचं म्हणणं त्यांना वाचून दाखवा. ओळख पटेल असं त्यांना वाटलं, तर ते वाक्य कितीही मोलाचं असलं तरी काढून टाका.